जुन्या गाडीचा श्वास

वारशाने आलेल्या वस्तूचे आपण दोनच प्रकार करतो. एक तर तिला हार घालून कोपऱ्यात ठेवतो, नाहीतर जुनी झाली म्हणून तिच्यात बाजारात मिळेल ते नवे कोंबतो. ती वस्तू मुळात चालते कशी, हे बघण्याचा तिसरा मार्ग आपल्याला सहसा सुचतच नाही. हे माझे मत तसे जुनेच आहे, पण ते माझ्या स्वतःच्या घरालाही लागू पडते हे कळायला मला हैदराबादच्या अफझलगंजमध्ये, एका गॅरेजच्या दारात, लाकडी स्टुलावर बसून दोन तास घाम गाळावा लागला. त्याची ही हकीकत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये गुड फ्रायडेला जोडून चार दिवसांची रजा टाकली आणि फोंड्याहून बहिणीकडे गेलो. बहीण काचीगुड्याला असते. तिचे सासर मूळचे परभणीकडचे. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातली जी घरे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी हैदराबादला आली, त्यातलेच हे एक. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, ही माणसे मात्र तिथेच राहिली. त्यांच्या मराठीत अधूनमधून 'हौ' आणि 'नक्को' येते, आणि ते ऐकायला मला भारी गोड वाटते. आम्ही गोव्याचे लोक घरात कोकणी बोलतो आणि लिहायला मराठी घेतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मराठीतली भेसळ काढायचा अधिकार आम्हाला नाहीच!

तर, ह्या बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे, आमच्या बाबांची गाडी आहे. पांढरी मारुती ८००, १९९६ सालची, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी ती घेतली तेव्हा मी कॉलेजात होतो. रविवारी सकाळी त्यांनी ती धुवायची आणि मग आम्ही सगळ्यांनी तिच्यातून म्हार्दोळला नाहीतर मंगेशीला जायचे, हा आमच्या घरचा कुळाचार. २०२१ मध्ये पंधरा वर्षांनंतरचे तिसरे नूतनीकरण त्यांनी स्वतः जाऊन करून घेतले आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते गेले. गाडी वर्षभर अंगणात उभी राहिली. शेवटी २०२२ च्या दिवाळीनंतर भाचा आला, बॅटरी बदलली आणि चोर्ला घाटातून बेळगाव, बागलकोट, रायचूर, महबूबनगर असा प्रवास करीत ती हैदराबादला घेऊन गेला. त्या दिवशी मी त्याचे खूप कौतुक केले होते. आजोबांची गाडी नातवाने चालवावी, यापरते काय हवे?

ह्या वेळी पोचलो तर बहिणीने दारातच तक्रार मांडली. "दादा, तूंच सांग रे ताका. बाबांची गाडी त्याने उघडून ठेवलीय." जाऊन बघतो तर बॉनेटखाली इंजिनाशेजारी असायचा तो काळा डबा गायब. त्याच्या जागी रबरी नळीच्या टोकाला बसवलेला लालभडक शंकू. ह्याला म्हणतात कोन फिल्टर, आणि नळीसकट सगळ्या सरंजामाला एअर इनटेक. भाच्याने तो सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांच्या मदतीने स्वतःच बसवला होता. साडेतीन हजार रुपये खर्चून.

"मामा, गाडी दमायची हो," तो म्हणाला. "चढावर जीवच नसायचा. म्हटलं हवा जास्त मिळाली तर जोर येईल."

"आणि आला?"

तो जरा थांबला. "आवाज आला."

खरेच आला होता. ॲक्सिलरेटर दाबला की एखादा माणूस मोठ्याने श्वास ओढतो तसा घोगरा आवाज यायचा. पण दुपारच्या उन्हात सिग्नलला गाडी बंद पडू लागली होती आणि डॅशबोर्डाजवळ जळक्या तेलाचा वास येत होता. कुणीतरी त्याला सांगितले होते की आता कार्ब्युरेटरचे जेट बदलायला हवेत, आणि ते काम करणारे जुने मिस्त्री अफझलगंज-गौळीगुड्याच्या बाजूलाच उरले आहेत. शनिवारी सकाळी आम्ही दोघे तिकडे निघालो.

अफझलगंज हे नाव पाचवा निजाम अफजल-उद-दौला याच्यावरून आले. त्याने धान्याच्या व्यापाऱ्यांना इथे जागा दिली आणि मूसी नदीच्या काठी हा गंज, म्हणजे बाजार, उभा राहिला. नदीपलीकडे जुने शहर, अलीकडे हा बाजार आणि मध्ये नया पूल. २८ सप्टेंबर १९०८ ला मूसीला महापूर आला तेव्हा ह्याच भागात हाहाकार उडाला होता. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसे वाचली, असे सांगतात. ते झाड आजही आहे. जवळच १८९१ साली सुरू झालेल्या आसफिया ग्रंथालयाची, म्हणजे आताच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची, भव्य इमारत आहे. आणि थोडे पुढे जांबाग, जिथे विवेकवर्धिनी ही शंभर वर्षांहून जुनी मराठी माणसांची शिक्षणसंस्था आहे. मराठी वाचकाने एकदा तरी पायी फिरावा असा हा सगळा भाग.

मोटारींशीही ह्या भागाचे जुने नाते आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस गाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली. गौळीगुड्याला विमान ठेवण्याच्या हँगरसारखी एक प्रचंड पत्र्याची कमान होती, तिच्याखाली पुढे कित्येक वर्षे बसस्थानक होते. परभणी-नांदेडहून येणारी मंडळी तिथेच उतरायची, असे बहिणीचे सासरे सांगायचे. जुलै २०१८ मध्ये ती कमान एका सकाळी कोसळली. सुदैवाने माणूस दगावला नाही.

गॅरेज कसले, एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याची पडवी. आत सत्तरीच्या घरातले एक चाचा. भाच्याने बॉनेट उघडले आणि जेट बदलायचे म्हणून सांगितले. चाचांनी शंकूला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

"मियां, ये भोंगला कां का हवा पी रा, मालूम?" त्यांनी विचारले.

भाचा गप्प.

"इंजन का च गरम हवा. बाहर का रस्ता तो तुम निकाल के फेंक दिए." मग विचारले, "असली डब्बा है?"

डबा माळ्यावर होता. भाच्याने स्कूटर मागवून तो आणवला. चाचांनी वरचे झाकण काढले. आतला कागदी फिल्टर गोव्याच्या तांबड्या मातीने आणि हैदराबादच्या काळ्या धुराने असा भरला होता की त्याच्या घड्याच दिसेनात. मग त्यांनी डब्याच्या नळकांड्याकडे बोट दाखवले. तिथे एक लहानसा खटका होता, एका बाजूला एस आणि दुसऱ्या बाजूला डब्ल्यू. एस म्हणजे समर, डब्ल्यू म्हणजे विंटर. खटका डब्ल्यूवर होता आणि गंजून तिथेच घट्ट बसला होता.

"कित्ते साल से ठंडी में च चल रई ये गाडी?" चाचा हसायला लागले.

मंडळी, मला हसू आले नाही. सांगतो का ते.

थंड प्रदेशात सकाळी पेट्रोलची वाफ नीट होत नाही, कार्ब्युरेटर गारठतो. म्हणून जुन्या गाड्यांत एक सोय असे. हिवाळ्यात खटका डब्ल्यूवर टाकायचा, म्हणजे इंजिन बाहेरची गार हवा न घेता एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीजवळची गरम हवा ओढते. उन्हाळ्यात खटका एसवर आणायचा, की हवा समोरून, बाहेरून येते. दिल्लीच्या जानेवारीत ह्याचा उपयोग असेल. फोंड्यात आणि हैदराबादेत ह्या खटक्याला वर्षभर एसवर राहण्यावाचून दुसरे काम नाही. तो कधीतरी, कुठल्या तरी सर्व्हिसिंगमध्ये डब्ल्यूवर गेला आणि कोणीच पाहिले नाही. बाबांनी नाही, मी नाही, भाच्याने तर तो डबाच काढून टाकला.

आता थोडा हिशोब. मी कला शाखेचा माणूस, पण त्या स्टुलावर चाचांनी आणि नंतर घरी भाच्याने जो समजावला तो इथे मांडतो. पेट्रोलचे इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खाते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! मारुती ८०० च्या इंजिनाचे आकारमान ७९६ घनसेंटिमीटर. मिनिटाला तीन हजार फेरे धरले, तर ते मिनिटाला बाराशे लिटरच्या आसपास हवा ओढू शकते. पण लिटर सारखे असले तरी हवा सारखी नसते. तापलेली हवा पातळ. तापमान तीन अंशांनी वाढले की तिची घनता साधारण एक टक्क्याने घटते. बाहेर ३५ अंश असताना इंजिनाजवळची ७० अंशांची हवा ओढली, तर त्याच बाराशे लिटरांत हवेचा माल दहा टक्क्यांनी कमी. सदतीस अश्वशक्तीच्या ह्या बिचाऱ्या इंजिनाची तीन-चार अश्वशक्ती अशी नुसती गरम हवेतच जाते. वर पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच आत येते, म्हणजे मिश्रण घट्ट होते, काळा धूर आणि सिग्नलला आचके.

आता गंमत बघा. गाडी दमत होती कारण ती गरम हवा पीत होती आणि फिल्टर चोंदला होता. त्यावर उपाय म्हणून आपण साडेतीन हजारांचा जो शंकू बसवला, तो इंजिनाच्या कुशीत उघडाच बसवल्यामुळे पुन्हा गरम हवाच प्यायला लागला. रोग तोच, फक्त आता तो आवाज करीत होता.

त्या शंकूलाही मी उगाच नावे ठेवणार नाही. शर्यतीच्या गाड्यांतून ही कल्पना आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात के अँड एन ही कंपनी १९६९ पासून ह्याच धंद्यात आहे. तेल लावलेल्या सुती कापडाचे फिल्टर, धुऊन पुन्हा वापरता येणारे. ज्या इंजिनाला सतत पूर्ण दाबून पळायचे आहे, ज्याचे बाकीचे भागही त्या बेताने बदलले आहेत, तिथे मोकळ्या फिल्टरचा फायदा होतो. पण रोजच्या चालवण्यात आपण ॲक्सिलरेटर अर्धाही दाबत नाही. तेव्हा हवेची वाट अडवलेली असते ती कार्ब्युरेटरमधल्या झडपेने, आपल्याच पायाने. मागचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी पुढचे दार अर्धेच उघडे असेल तर घरात वारा किती येणार?

आणि ज्या डब्याला आपण अडगळ समजून काढतो, त्याची कामे मोजा. तो बाहेरची हवा आणतो. धूळ अडवतो. हवा ओढण्याचा आवाज पोटात घेतो, म्हणूनच मूळ गाडी शांत असते. इंजिनाच्या आतून निघणारी तेलकट वाफ एका नळीने त्याच्यात येते आणि पुन्हा जाळली जाते. भाच्याने ती नळी मोकळी लोंबत सोडली होती, जळक्या तेलाचा वास तिथला. शंकूबरोबर मिळालेल्या कागदावर ह्याचा उल्लेखही नव्हता.

आम्हा गोवेकरांना तर धूळ आणि पाणी ह्यांचे वेगळे सांगायला नको. खाणी जोरात होत्या तेव्हा उसगाव-तिस्क, सावर्डे, कुडचडे भागातून गाडी काढली की संध्याकाळी बाबा बॉनेट उघडून फिल्टर उंबरठ्यावर आपटायचे. लाल धुळीचा ढग उठायचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ती सवयही हळूहळू सुटली. आणि पावसाळा! जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे थंड हवेसाठी म्हणून इनटेकचे तोंड बंपरमागे खाली आणून ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. रस्त्यावरच्या पाण्यात ते तोंड बुडाले की इंजिन पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर जातो.

कायद्याचेही दोन शब्द, कारण मी सरकारी कारकून आहे आणि ते माझ्या रक्तात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील ह्यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एका फिल्टरसाठी कोणी तुरुंगात जाईल असे मी म्हणत नाही. नोंदणी पुस्तकात फिल्टरचा रकानाच नाही, असे भाच्याचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. पण ज्या कॅलिफोर्नियातून हा माल येतो तिथेसुद्धा रस्त्यावरच्या गाडीला असा इनटेक लावायचा तर त्याला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो. म्हणजे बदलाला तिथे मनाई नाही, बदल करताना हिशोब द्यावा लागतो, एवढेच. हे मला पटते. आपल्याकडे माल विकणारा हिशोब देत नाही आणि पोलीस थांबवतो तो मुलाला.

हे सगळे मी भाच्याला, अगदी मामाच्या थाटात, तिथेच सुनावले. आजोबांनी पंचवीस वर्षे जपलेली गाडी, तिची तू अशी दशा केलीस, वगैरे. चाचा खटक्याला तेल घालून तो हलवत बसले होते. भाच्याने ऐकून घेतले. मग म्हणाला,

"मामा, एक विचारू? गाडी कुणाची आहे?"

"म्हणजे? आजोबांची."

"कागदावर अजून त्यांचीच आहे. मी अडीच वर्षं चालवतोय. टायर मी घातले, क्लच मी बदलला. तुम्ही सगळे म्हणता सांभाळ, पण म्हणता आजोबांची. मग त्यात माझं काय आहे? एक आवाज तरी माझा असावा म्हणून घातला तो फिल्टर."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. का नव्हते ते सांगायला हवे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता उपदेश होईल.

मी मामलेदार कचेरीत फेरफाराच्या टेबलावर काम करतो. माणूस गेला की एक-चौदाच्या उताऱ्यावर त्याच्या जागी वारसांची नावे लावायची, हे माझे रोजचे काम. आजोबांच्या नावावर पडून राहिलेल्या जमिनी घेऊन नातवंडे येतात, तेव्हा मी चष्म्यावरून बघत त्यांना विचारतो, "इतकी वर्षे काय करीत होता?" आणि माझ्याच बापाच्या गाडीचा फेरफार मी केला नव्हता. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत परिवहन खात्याला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, असा नियम आहे. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिथे नव्याने नोंदणी करायची, हाही नियम आहे. मला दोन्ही ठाऊक होते. पण नोंदणी पुस्तकावरचे बाबांचे नाव खोडले जाईल, ही कल्पनाच सहन होत नव्हती. विमासुद्धा त्यांच्याच नावावर दरवर्षी पुढे ढकलला. त्या गाडीला उद्या अपघात झाला असता तर विमा कंपनीपुढे हा मुलगा काय उत्तर देणार होता? मी त्याला फिल्टरच्या दंडाचे कलम वाचून दाखवत होतो आणि त्याच्या गळ्यात ह्याहून कितीतरी मोठे लोढणे मीच बांधले होते.

म्हणजे मी बाबांची गाडी हार घालून ठेवली होती, फक्त अंगणाऐवजी नातवाच्या हातात. तो तिच्यात नवे कोंबत होता. आणि खटका हिवाळ्यावर आहे हे दोघांपैकी कोणीच बघितले नव्हते.

अफझलगंजमध्ये बसून ही गोष्ट जास्तच टोचते. समोर उस्मानिया दवाखान्याची जुनी घुमटांची इमारत दिसते. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी वॉर्डांत शिरले आणि ती रिकामी करावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या दवाखान्याची पायाभरणी गोशामहालला झाली. जुनी इमारत पाडावी की जपावी यावर हैदराबादेत वर्षानुवर्षे वाद चालू होता, कोर्टकचेऱ्या झाल्या. एक बाजू वारसा म्हणते, दुसरी बाजू रोग्यांचे हाल दाखवते, आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण छपरावरच्या पन्हळी दरवर्षी पावसाआधी साफ करणे, गळके सांधे बुजवणे, हे काम कोणत्याच बाजूच्या घोषणेत नसते. गौळीगुड्याची कमानही अशीच गेली. गोव्यातली आमची जुनी घरे अशीच जातात. वारसांत एकमत नाही म्हणून कौले चाळायची राहतात, दोन पावसाळ्यांत वासे कुजतात, आणि मग सगळे मिळून हळहळतात. घर पडते ते कौलांमुळे, त्याच्या मुळाशी असतो न केलेला फेरफार!

म्हणून माझे मत आता असे आहे. जुन्या गाडीत बदल करूच नये, असे मी म्हणणार नाही. आजोबांच्या वस्तूत नातवाचे काही यायलाच हवे, त्याशिवाय ती त्याची होत नाही. भाषा, घर, सण, सगळ्यांचे तसेच आहे. पण दोन गोष्टी आधी व्हाव्यात. देणाऱ्याने वस्तूबरोबर तिचे कागदही द्यावेत, म्हणजे तिचा अधिकार द्यावा. नुसती सांभाळायची जबाबदारी देऊन हक्क स्वतःकडे ठेवू नये. आणि घेणाऱ्याने नवे बसवण्याआधी जुने एकदा पूर्ण उघडून बघावे, साफ करावे, ते जसे चालायला हवे तसे चालवून बघावे. त्यानंतरही नवे हवेसे वाटले तर खुशाल बसवावे, पण माहीत असून बसवावे.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले? चाचांनी डबा परत बसवला, तेलकट वाफेची नळी जोडली, नवा कागदी फिल्टर घातला, खटका एसवर आणून तिथेच तारेने बांधून टाकला. जेटला हातही लावला नाही. फक्त मिश्रणाचा स्क्रू जुळवला आणि फेरे ठीक केले. मजुरी घेतली पाचशे रुपये. फिल्टरचे दोनशेहूनही कमी. तिथून आम्ही मेहदीपटणमला गेलो आणि पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावाच्या उड्डाणमार्गावर गाडी घातली. (हे तेच नरसिंह राव, ज्यांनी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. मराठी माणसाला त्या रस्त्यावर एकदम आपलेपणा वाटतो तो त्यामुळे.) बाराएक किलोमीटरचा तो उंचावरचा रस्ता गाडीने न अडखळता पार केला. चढावर भाच्याने तिसरा गिअर टाकायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. गरज पडली नव्हती. तो माझ्याकडे बघून हसला, पण बोलला काही नाही. मीही नाही.

पीयूसीही त्याच संध्याकाळी करून घेतली. ह्या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. आमची बरीच खाली आली.

गोव्याला परतल्यावर पहिल्याच सोमवारी मी नमुना ३१ आणला. बहिणीची संमती घेतली, बाबांचा मृत्यूचा दाखला जोडला. आधी गाडी आमच्यापैकी एकाच्या नावावर, मग ना-हरकत दाखला, मग तेलंगणात भाच्याच्या नावाने नवा क्रमांक. उशीर झाल्याचा दंड भरला, आणि खिडकीपलीकडल्या कारकुनाने चष्म्यावरून बघत मला विचारले, "इतकी वर्षे काय करीत होता?" मी काय बोलणार!

जीएची पाटी जाऊन टीजीची येईल, ह्याचे बहिणीला वाईट वाटते. मलाही वाटते. पण परवा भाच्याचा फोन आला. पाच हजार किलोमीटर झाले, फिल्टर काढून झटकला, म्हणाला. कुठे झटकलास विचारले, तर म्हणतो, "उंबरठ्यावर. आजोबा तसंच करायचे ना?"

लाल शंकू त्याच्या खोलीत फळीवर आहे. तो पुन्हा बसवायचा की नाही ते त्याचे तो ठरवेल. गाडी आता त्याची आहे.

तुमच्या दारातही अशी एखादी जुनी गाडी असेल, तर एवढे करा. बॉनेट उघडा आणि तो खटका कुठे आहे ते बघा. आणि मग नोंदणी पुस्तक काढून त्यावरचे नाव बघा.